घाडी म्हणजेच गाडी

कोर्टासमोरच्या टायपिंगवालीनं विचारलं,
"नाव काय घालू?"
म्हटलं, अहो, तोच तर घोळ आहे.

दहावीच्या मार्कलिस्टवर सुलक्षणा घाडी.
डी.एड.ला घाडि, ऱ्हस्व, शेवटी दम लागल्यासारखी.
आणि टीईटीच्या सर्टिफिकेटवर
कुठला तरी एक एच गळून पडलाय.
सुलक्षणा गाडी.
जणू मी खानापूरच्या स्टँडवर लागलेय
आणि कंडक्टर बोंबलतोय, जांबोटी, कणकुंबी, चला चला.
(लग्नानंतरचं नाव आणखी वेगळंच.
त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.)

वीसचा बाँड, नोटरीचे दोनशे, टायपिंगचे पन्नास.
"शपथेवर सांगते की
घाडी आणि गाडी ह्या एकच बाई आहेत."
सही करताना पेन जरा अडलं.

आमचे आजोबा गावदेवीपुढं गाऱ्हाणं घालायचे.
म्हणून आम्ही घाडी.
पायरीवर उभं राहून अख्ख्या गावाचं एका दमात सांगायचे,
कुणाची म्हैस, कुणाचा ताप, कुणाचं जमिनीचं भांडण,
आणि देवी उजवा-डावा कौल तरी द्यायची.
मी नऊ वर्षं बीईओ ऑफिसच्या पायरीवर आहे.
इथं कौल वेबसाइटवर लागतो
आणि वेबसाइट उघडत नाही.

नऊ वर्षं अतिथी शिक्षिका.
जूनमध्ये बोलावतात, मार्चनंतर ओळख देत नाहीत.
अकरा मुलं, चार इयत्ता, एक खोली,
पावसात फळ्याची डावी बाजू भिजते,
म्हणून गणित नेहमी उजवीकडे.

कन्नड मला निंगव्वानं शिकवलं.
ती शाळेत भात शिजवते, बैलहोंगलकडची.
परातीत तुरीची डाळ पसरून बोटानं अक्षरं काढायची,
मी खडे वेचता वेचता गिरवायची.
एकदा म्हटलं, आमच्यात जोडाक्षर खांद्याला खांदा लावून बसतं,
तुमच्यात एक दुसऱ्याच्या पायाशी का?
ती म्हणाली, "जागा मिळाली की झालं की, बाई."
आणि डाळ धुवायला घेतली.
अख्खा धडा कुकरमध्ये.

पासाला नव्वद लागतात.
पहिल्यांदा सत्त्याऐंशी.
मग एकोणनव्वद. त्या रात्री मी जेवले नाही,
नवऱ्यानं मुकाट्यानं भाकरी झाकून ठेवली.
तिसऱ्यांदा, बेळगावात, पंख्याखालचा बाक,
प्रश्नपत्रिका कन्नड आणि इंग्रजी:
लहान मुलाला कोणत्या भाषेतून शिकवावं?
मी तो कन्नडमध्ये वाचला,
ओठांतल्या ओठांत, निंगव्वाच्या आवाजात.
उत्तर होतं, त्याच्या आईच्या.
गोल काळा केला.
हसू आलं, तर सुपरव्हायझर टेबलापाशी येऊन उभा राहिला.

कागद तपासणीच्या दिवशी
हिरेमनी क्लार्कनी बाँड उलटा केला, सुलटा केला,
चष्मा कपाळावर सरकवला.
"यावुदु करेक्ट, मेडम?"
नऊ वर्षांत पाठ केलेली सगळी वाक्यं पळाली.
तोंडातून एवढंच आलं,
"एरडू, सर."
दोन्ही.
ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले.
मग शिक्का मारला, घाडीवर निम्मा, गाडीवर निम्मा.

नाव लागलं. अथणीच्या पलीकडची शाळा,
मराठी आहे, पण उसाच्या रानात, इथून दिवसभराची वाट.
बिंदू विचारते, "बाई, तुम्ही पास झाला
मग आम्हाला सोडून का चाललासा?"
ह्या प्रश्नाला चार पर्याय नव्हते.

माझ्या जागी येणाऱ्या अतिथीसाठी
हजेरीच्या पुस्तकात एक चिठ्ठी ठेवलीय:
फळ्याची डावी बाजू पावसात वापरू नका.
परशाला एकदा बोलून कळत नाही, दोनदा सांगा.
कपाटाची किल्ली निंगव्वाकडं आहे.
डाळ निवडायला बसत जा.

खाली सही करायची होती.
कुठली करू, म्हणून तशीच ठेवली.